पाण्याच्या टाकीचे आठ देखावे

आमच्या भागात डोंगर नाही, हे आधीच सांगून टाकतो. डब्लिन हे ओहायोतलं, कोलंबसला चिकटलेलं गाव. आजूबाजूला मका आहे, सोयाबीन आहे, काचेची ऑफिसं आहेत, मधून सायोटो नदी वाहते. मान वर करून बघावी अशी मात्र एकच गोष्ट, पाण्याची टाकी. आणि जपानी पद्धतीच्या निसर्गचित्राला मागे डोंगर लागतोच. ही अडचण सोडवण्यात माझ्या आयुष्याची उत्तम वर्षं गेली.

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकेचा फोन आला तेव्हा तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "काका, तुम्ही ऑटोमोटिव्हमध्ये होतात ना? त्यावर एक मस्त आर्टिकल द्या. लेऑफचं पण टाका. लोक रिलेट करतात."

मी म्हटलं, "ऑटोमोटिव्हवर चार ओळी होतील. त्यानंतरच्या कामावर लिहू का?"

"त्यानंतर काय करत होतात?"

"ठसे छापत होतो. जपानी."

मग म्हणाली, "ओके काका. पण फोटो हाय-रेझोल्यूशन पाठवा."

तर त्या चार ओळी आधी उरकतो. नागपूरला इंजिनियर झालो, मिशिगनमधल्या ट्रॉयला पहिली नोकरी लागली, नंतर डब्लिनला आलो. गाडीचं दार बंद केल्यावर चारही बाजूंची फट सारखी दिसते की नाही, हे बघायचं माझं काम. मंदी आली, फटी बघणारे कमी करायचे ठरले, त्यात मी गेलो. संपल्या चार ओळी.

नोकरी गेल्यावर मी सोफ्यावर पडून अमेरिकेची अर्थव्यवस्था सुधारत होतो. माझी बायको शुभा फार्मसिस्ट आहे, घर तिच्यावर चाललं होतं आणि तिने एका शब्दाने मला टोचलं नव्हतं. तेच जास्त टोचत होतं. एक दिवस ती जपानी वाणसामानाच्या दुकानातून तांदळाबरोबर एक चिठ्ठी घेऊन आली. दुकानातल्या फळ्यावर लावलेली होती ती. छापण्याच्या कामात मदतनीस पाहिजे, मनगट मजबूत हवं, धीर हवा, एवढंच इंग्रजीत लिहिलेलं.

शुभा म्हणाली, "मनगट आहे तुझ्याकडे. धीराचं त्या बघून घेतील."

त्या म्हणजे फुमिको-सान. आपल्याकडे नावापुढे राव किंवा ताई लावतात तसं त्यांच्याकडे सान लावतात. त्यांचे यजमान एका जपानी मोटार कंपनीच्या कामासाठी ओहायोत आले, इथेच वारले, आणि फुमिको-सान इथेच राहिल्या. तरुणपणी त्या क्योटोतल्या एका ठशांच्या कारखान्यात शिकल्या होत्या. वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ मोठ्या, उंचीने माझ्या खांद्याच्या खाली, आणि नजर अशी की मला आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई आठवायच्या. म्हणून मी मनातल्या मनात त्यांना बाईच म्हणायला लागलो. एकदा तोंडातून निघून गेलं. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला, तेव्हापासून बाई हेच कायम झालं. त्या मला मोघे-सान म्हणत. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, त्यांचं क्योटोचं इंग्रजी आणि माझं नागपूरचं. इथे मी ते मराठीतच देतो, म्हणजे दोघांचीही अब्रू राहील.

आता हे काम काय असतं ते सांगतो, कारण आपल्या लोकांना ते सांगावंच लागतं. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी माझी ओळख "हे प्रिंटिंग करतात" अशी करून दिली आणि त्याच संध्याकाळी मला एका मुंजीच्या पत्रिकांची ऑर्डर मिळाली होती.

चित्रकार चित्र काढतो. ते पातळ कागदावर उतरवून चेरीच्या लाकडाच्या फळीवर पालथं चिकटवतात आणि रेषा तेवढ्या ठेवून बाकीचं लाकूड कोरून काढतात. ही झाली रेषांची फळी. मग प्रत्येक रंगाला एक वेगळी फळी कोरायची. छापणारा फळीवर ब्रशने रंग लावतो, त्यात तांदळाच्या खळीचा एक ठिपका टाकतो, वर ओलसर कागद ठेवतो आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या एका चपट्या गोल गादीने कागदाची पाठ जोर लावून घासतो. एक फळी झाली की दुसरी. फळीच्या कोपऱ्यात दोन बारीक खाचा असतात, त्यांत कागदाची कड बसवली की प्रत्येक रंग आपापल्या जागी पडतो. खाच केसभर चुकली तर झाडाचा हिरवा रंग झाड सोडून शेजारी उभा राहतो. मी आयुष्यभर दारांच्या फटी बघितलेला माणूस. मला वाटलं, हे तर आपलंच काम आहे.

पहिल्या दिवशी बाईंनी मला एक कोरी फळी दिली, ब्रश दिला आणि वाटीभर पाणी दिलं. म्हणाल्या, "पाणी सारखं पसरा." मी पसरलं. "सारखं नाही," म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत मी पाणीच पसरत होतो. घरी आल्यावर शुभाने विचारलं, "काय शिकवलं?" मी म्हटलं, "सडा घालायला."

बाई स्वतः चित्र काढत आणि कोरतही. पण त्यांचं उजवं मनगट संधिवाताने धरलेलं होतं, घासण्याचा जोर त्यांना लावता येत नव्हता. म्हणून मी. त्या मनात म्हणत असतील, मनगट बरं मिळालं, डोकं जरा जास्तच आहे.

एखाद्या गावाचे आठ देखावे काढायची त्यांच्याकडे फार जुनी रीत आहे. तळ्यावरचा चंद्र, संध्याकाळचा बर्फ, परतणाऱ्या होड्या असे. बाईंनी डब्लिनचे आठ देखावे काढायचे ठरवले होते. डोंगराचं काय करणार, असं मी विचारलं तर त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. मक्याच्या शेतापलीकडे पाण्याची टाकी उभी होती, निळसर पांढरी, पोट पुढे काढलेली. "तो काय डोंगर," म्हणाल्या. "वर बर्फसुद्धा पडतो."

अशी प्रत्येक देखाव्यात टाकी आली. पेट्रोल पंपावरचा पाऊस, मागे टाकी. शाळा सुटल्यावरच्या पिवळ्या बस, मागे टाकी. एका चित्रात ती इतकी लहान आहे की लोक भिंग घेऊन शोधतात आणि सापडली की लहान मुलासारखे खूष होतात.

पहिला देखावा होता "पुलाखालची सकाळ". सायोटोवरचा पूल, खाली अर्धी गोठलेली नदी, काठाला बर्फ. त्या वेळी बाईंची खळ संपली होती. मी म्हटलं, त्यात काय, मी घरून करून आणतो. तांदळाच्या पिठाची खळ केली आणि आई आकाशकंदिलाच्या खळीत टाकायची तशी त्यात चिमूटभर मोरचूद टाकली, झुरळांनी कागद खाऊ नये म्हणून. मोरचूद इथे सहज मिळते. हार्डवेअरच्या दुकानात ती गटाराच्या पाइपात शिरलेली झाडांची मुळं मारायला विकतात.

छापायला बसलो. बर्फावरच्या सावलीसाठी अगदी फिका राखाडी रंग होता. कागद उचलला तर सावली हिरवट. पुन्हा रंग कालवला, पुन्हा हिरवट. मी सगळी चळत छापून काढली, या आशेने की पुढचा तरी राखाडी येईल. बाई आल्या, एक कागद हातात घेतला आणि थंड आवाजात विचारलं, "खळीत काय घातलंत?"

मी सांगितलं.

"इथे झुरळं आहेत?"

"नाहीत. पण आली तर."

बाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. मग डोळे पुसून त्यांनी तो कागद उचलला आणि कोट घालून थेट नदीवर गेल्या, मी मागे मागे. काठावर उभं राहून त्यांनी कागद नदीसमोर धरला. गोठलेल्या पाण्याच्या कडेची सावली खरोखर तशीच हिरवी होती. आम्ही दोघं इतकी वर्षं या गावात राहून ती बघितली नव्हती. मोरचुदीने कागद पुढे खराब होतो, म्हणून ती सगळी चळत बाईंनी बाद केली. पण तो हिरवा त्यांनी चांगल्या रंगांतून पुन्हा कालवून घेतला, आणि त्याच हिरव्यामुळे ते चित्र गाजलं. बाद झालेले कागद फेकवेनात म्हणून मी घरी आणले. आमच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या खणांत आज तेच अंथरलेले आहेत. चमचे काढताना सायोटो दिसते.

"पुलाखालची सकाळ" डब्लिनमधल्या दातांच्या दवाखान्यांत लागली, बँकेत लागली, आपल्या लोकांच्या घरीही लागली. नव्या कॉलनीत घर घेतलेली केतकी नावाची एक मुलगी नवऱ्याला घेऊन आली. चित्र तिला फार आवडलं. पण ती घुटमळत होती.

"काका, प्रिंट सुपर आहे. पण फ्लो बघा ना. आमच्या लिव्हिंग रूममध्ये लावलं तर रिव्हर मेन डोअरकडे जाते. म्हणजे लक्ष्मी आउट. रिव्हर्स करून मिळेल का?"

नवरा म्हणाला, "फोटोशॉपमध्ये फ्लिप करायचं फक्त, यार. दोन मिनिटं."

मी त्यांना फळी दाखवली, खाचा दाखवल्या, लाकूड फ्लिप होत नाही हे समजावलं. पटलं नाही. शेवटी मी बाईंना सगळं सांगितलं, वास्तुशास्त्रासकट. बाईंनी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "यांच्या घराला भिंत एकच आहे का?"

"नाही."

"मग समोरच्या भिंतीवर लावा. नदी घरात येईल."

केतकीने तिथल्या तिथे दोन घेतली, दुसरं सासूबाईंसाठी. जाताना बाईंच्या पाया पडली. बाईंना त्याचा अर्थ कळला नाही. त्यांना वाटलं तिचं काही खाली पडलं, म्हणून त्याही वाकून शोधायला लागल्या.

वर्षं अशी गेली. सात देखावे झाले. आता जे सांगायचं आहे ते जरा वेगळं आहे.

या कामात एक रीत आहे. ठरलेल्या प्रती छापून झाल्या की फळी रंधून टाकायची. कोरलेलं चित्र रंध्याने साफ करायचं, लाकूड पुन्हा कोरं करायचं आणि त्यावर पुढचं चित्र कोरायचं. क्योटोच्या कारखान्यात यात कुणाला काही वाटत नसे. ज्यांनी चित्र घेतलं त्यांना आणखी प्रती निघणार नाहीत असा शब्द दिलेला असतो, आणि चांगली फळी मिळणं कठीण असतं. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतच्या फळ्या आम्ही अशाच एकीवर एक वापरून पातळ केल्या. त्या मीच रंधल्या, आणि प्रत्येक वेळी मला दिवसभर जेवण गेलं नाही.

पहिल्या चित्राच्या प्रती मात्र बाईंनी पुष्कळ ठरवल्या होत्या, मागणी येईल तशा छापायच्या, म्हणून त्याच्या फळ्या तशाच राहिल्या होत्या. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याचीही ठरलेली शेवटची प्रत छापून झाली. बाई म्हणाल्या, "मोघे-सान, आता त्या रंधा."

आमच्या घरात दह्याचा रिकामा डबा टाकवत नाही. गॅरेजमध्ये डब्यांची अशी रांग आहे की पाहुण्यांना वाटतं आम्ही दह्याचा धंदा करतो. आणि ही तर पुलाखालची सकाळ. सोफ्यावरून मला उठवलं ते या चित्राने. मी बाईंना सांगितलं, "रंधा सापडत नाही."

सापडत होता. मी तो बाईंच्याच कामाच्या खोलीतल्या कपाटात, रंग कालवायला ठेवलेल्या दह्याच्या डब्यांच्या मागे सारून ठेवला होता. दर सोमवारी बाई विचारायच्या, "रंधा मिळाला का?" मी म्हणायचो, "शोधतोय." त्या मान डोलवायच्या आणि कामाला लागायच्या. शुभाला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "इंजिनियर माणूस. दडवून दडवून कपाटात दडवलास."

त्याच सुमाराला बाईंचे डोळे बिघडले. दृष्टीचा मधला भाग गेला, कडा तेवढ्या राहिल्या. समोर ठेवलेली वस्तू दिसायची नाही, बाजूची दिसायची. त्यामुळे त्या काहीही बघायचं असलं की मान वळवून तिरक्या नजरेने बघत, कोंबडी दाणा बघते तशा. त्या स्वतःच तसं म्हणून हसत. डॉक्टरांनी सांगितलं होतं की राहिलेलंही हळूहळू जाईल. त्यांचा मुलगा केन्जी क्युपर्टिनोला सॉफ्टवेअरमध्ये आहे. हिवाळा संपला की आईला तिकडे न्यायचं त्याने ठरवलं होतं. घर विकायचं, कामाची खोली आवरायची.

आठवा देखावा राहिला होता. बाईंनी तो काढला होता. बर्फ पडून गेल्यानंतरची संध्याकाळ, मोकळं शेत, टाकी, आणि वर भलं मोठं आकाश. रेषा अगदी थोड्या, कारण बोटांनी चाचपून कोरता येतील एवढ्याच त्यांनी ठेवल्या होत्या. पण आकाशाला रुंद, जाड, वर्षानुवर्षं मुरलेली फळी हवी होती. जपानात ज्या म्हाताऱ्याकडून फळ्या यायच्या त्याने दुकान बंद केलं होतं. आमच्याकडे तशी जाड फळी उरली होती ती एकच, पुलाखालच्या नदीची.

मी म्हटलं, थांबा, अमेरिकेत लाकडाला तोटा आहे का? ट्रॉयच्या माझ्या जुन्या मित्राला, शिरीषला, फोन केला. शिरीष रिटायर झाल्यापासून सुतारकाम करतो आणि सगळ्यांना चहाचे ट्रे देतो. तो दुसऱ्याच दिवशी ड्राइव्ह करून आला, गाडीत इथल्या चेरीची सुरेख रुंद फळी.

"बघ, एक नंबर पीस आहे," शिरीष म्हणाला. "किल्न-ड्राइड, भट्टीत वाळवलेला. तुझ्या मॅडमना सांग, जपानला विसरा."

बाईंनी फळीवरून हात फिरवला, टिचकी मारून आवाज ऐकला आणि शिरीषला वाकून नमस्कार केला. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "पाणी लावून बघा." मी पाणी लावलं आणि फळी हीटरच्या खोलीत ठेवली. सकाळी ती तळलेल्या पापडासारखी वळली होती. शिरीषने तिच्याकडे खूप वेळ बघितलं आणि म्हणाला, "ट्रे होईल याचा. मोठा."

तो गेल्यावर बाई खिडकीशी बसल्या. तो सोमवार नव्हता, तरी त्यांनी विचारलं, "रंधा मिळाला का?"

"शोधतोय."

"मोघे-सान," त्या म्हणाल्या, "आठवा देखावा मला बघायचा आहे. नुसता कोरलेला नाही, छापलेला. कडेकडेने का होईना, अजून दिसतंय तोवर."

हे त्यांनी हसत सांगितलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे स्वतःसाठी असं काही मागितलं नव्हतं. मी घरी येऊन शुभाला सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "तू ज्या चित्रासाठी अडून बसलायस ना, ते गावातल्या निम्म्या भिंतींवर आहे. आपल्या चमच्यांखाली आहे. त्यांचं हे एक कुठेच नाहीये अजून." आणि पुढचं ताट पुसायला घेतलं.

सकाळी मी कपाट उघडलं, डबे बाजूला केले, रंधा काढला. एवढे दिवस पडून होता तरी पात्याला गंजाचा ठिपका नव्हता. नखावर टेकवून बघितलं तर धार लखलखीत. मला वाटलं, इथली हवाच कोरडी.

फळी बाकावर अडकवली. बाई शेजारी स्टुलावर बसल्या. मी पहिला हात मारला आणि छिलका उलगडत बाहेर आला, त्याच्यावर अजून हिरवट रंगाचा डाग. रंध्याखाली आधी उठावाचा भाग जातो, म्हणजे नदी आधी गेली. मग काठ गेला, मग पुलाचे खांब, शेवटी कोपऱ्यातल्या त्या दोन खाचा, ज्यांत मी हजारदा कागद बसवला असेन. मला रडू येत होतं, ते लिहायला लाज कसली. बाईंना समोरचं दिसत नव्हतं, पण बाजूला उभा असलेला मी त्यांना दिसत असणार. त्यांनी खाली वाकून छिलके गोळा केले, वास घेतला आणि म्हणाल्या, "लाकूड अजून चांगलं आहे." सांत्वन करायची त्यांची ही पद्धत.

फळी कोरी झाल्यावर त्यांनी तळव्याने ती सगळी चाचपली, एका जागी बोट थांबवलं, आणि फळी बाकावरच अर्धी फिरवून घेतली, खालची कड वर. "आकाश असं," म्हणाल्या. कारण मी विचारलं नाही. बाईंना कारणं विचारायची सवय मला पाणी पसरतानाच सुटली होती.

त्या कोरत राहिल्या, बोटांनी चाचपत. मी आकाश छापायला बसलो तेव्हा बाहेर बर्फ वितळायला लागला होता. संध्याकाळचं आकाश वर गडद आणि क्षितिजाकडे फिकं होत जातं. त्यासाठी फळी ओली करून फक्त वरच्या कडेला रंग घ्यायचा आणि ब्रशने खाली खाली आणत तो विरवायचा. माझा सगळा सडा त्या दिवसासाठीच होता असं वाटलं. कागद खाचांत बसवला, जोर लावून घासलं, एका कोपऱ्याने उचलला.

रंग सुंदर विरला होता. पण टाकीच्या वर, जरा उजवीकडे, एक फिकट गोल उमटला होता, भोवती बारीक वर्तुळं. मी लगेच ओळखला. फळीत एक बारीक गाठ होती. पुलाखालच्या सकाळीत ती तिसऱ्या खांबाजवळ पडायची आणि पाण्याच्या भोवऱ्यासारखी दिसायची. लोक मला विचारायचे, हा भोवरा कसा कोरला, आणि मी गूढ हसायचो. लाकडाच्या रेषा फळीत आरपार असतात. रंधून त्या जात नाहीत.

मी म्हणालो, "बाई, गाठ उमटलीय आकाशात. पुढच्या कागदाला तिथे हलका हात लावतो."

"चंद्र आला का?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या चित्रात चंद्र नाहीये."

"मी काढला नव्हता," बाई म्हणाल्या. "तो फळीत होता ना. दोनदा कशाला काढायचा?"

त्यांनी कागद हातात घेतला, मान वळवली, कोंबडीसारखी, आणि खिडकीच्या उजेडात तो बराच वेळ बघितला. मधेच कागद थोडा डावीकडे सरकवला, पुन्हा उजवीकडे. त्यांना त्या कडेने कितपत दिसलं ते मला कधी कळलं नाही. पण मग त्यांनी बोट उचललं आणि कागदाला न लावता बरोबर चंद्रावर धरलं.

"भोवरा वर गेला," म्हणाल्या. "जोर लावा. पुसट करू नका."

केन्जी आला आणि बाईंना घेऊन गेला. निरोप देताना शुभाने त्यांना दही-भात खाऊ घातला, बाईंनी तिला बांबूच्या पानाची ती गादी दिली, माझ्यादेखत, जणू मी तिथे नव्हतोच. फळ्या आणि हत्यारं माझ्या गॅरेजमध्ये आली. आठव्या देखाव्याच्या ठरलेल्या प्रती मी तिथेच छापून पूर्ण केल्या. केतकीने पहिली घेतली. चंद्र कुठल्या दिशेला असावा हे तिने आधीच विचारून ठेवलं होतं.

मागच्या आठवड्यात बाईंचा फोन आला. आता त्यांना कडेचंही फारसं दिसत नाही. क्युपर्टिनोला डोंगर आहेत, असं केन्जी सांगतो, पण आपल्याला टाकीच बरी होती, म्हणाल्या. मग विचारलं, "प्रती झाल्या सगळ्या?"

"झाल्या."

"फळी रंधली?"

गॅरेजमध्ये माझ्यासमोरच ती उभी होती, चंद्राची. मी म्हणालो, "रंधा सापडत नाहीये, बाई. सामान हलवताना कुठे गेला कोण जाणे."

पलीकडे त्या हसल्या, मोरचुदीच्या दिवशी हसल्या होत्या तशा, बसून हसल्यासारख्या.

"दह्याच्या डब्यांमागे बघा," म्हणाल्या. "दडवलेला रंधा लवकर गंजतो, मोघे-सान. तिथे मी त्याला अधूनमधून धार लावून ठेवत होते. आता तुम्हालाच लावावी लागेल."

फोन ठेवला. गॅरेजमधल्या डब्यांच्या रांगेमागे हात घातला तर रंधा तिथेच होता, मीच ठेवलेला. पात्याच्या कडेला तांबूस रेघ धरली होती. मी एका डब्यात पाणी घेतलं आणि धार लावायचा दगड भिजत घातला.